वहीतला भाव 840, तक्त्यात मात्र 42

पत्र : बाबा गेल्यावर त्यांची शेअरची वही माझ्याकडे आली. मार्च 1999 मध्ये एका कंपनीचे 50 शेअर 840 च्या भावाने घेतल्याची नोंद तीत आहे. मार्च 2025 च्या अखेरीला भाव 610 होता, म्हणजे सव्वीस वर्षं थांबून तोटाच झाला असं मी धरून चालले होते. पण खात्याच्या उताऱ्यावर 1,000 शेअर दिसतात. एका वेबसाइटवर खरेदीच्याच तारखेचा बंद भाव 42 आहे आणि शेजारच्या ‘ॲडजस्टेड क्लोज’ रकान्यात 31.60. दुसऱ्या एका तक्त्यात 2010 मध्ये भाव एका दिवसात 2,950 वरून 295 वर आलेला दिसतो. आणि दोन्हीकडे ऑगस्ट 2014 मध्ये एका दिवसात 388 चा 301 झालेला आहे. यातलं खरं काय मानायचं? 2018 मध्ये हा शेअर 742 ला होता. तिथे पुन्हा जाईल म्हणून थांबू का? जुन्या भावांवरून हे ठरवता येतं का?

उत्तर :

ताई,

वहीतला 840 खरा आहे, तक्त्यातला 42 खरा आहे आणि 31.60 हाही खरा आहे. तिन्ही आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. जुन्या भावांच्या बाबतीत बहुतेक चुका इथेच होतात: आकडा बरोबर असतो, पण तो भलत्याच प्रश्नाला लावला जातो. 840 ला घेतला, आता 610, म्हणून 27 टक्के तोटा, हा तुमचा हिशेबही त्यातलाच. 840 हा तेव्हाच्या एका शेअरचा भाव आहे, 610 हा आताच्या एका शेअरचा, आणि तेव्हाचा एक शेअर म्हणजे आताचे वीस.

हे वीस कुठून आले ते तुमच्याच आकड्यांत आहे. 840 भागिले 42 बरोबर 20. उताऱ्यावर 50 चे 1,000 झाले, तेही 20 पट. दोन्हीकडून एकच आकडा आला, म्हणजे वही, उतारा आणि तक्ता एकमेकांशी जुळतात. हा मेळ बसल्याशिवाय पुढचं काहीही मोजू नका. या वीसपैकी दहा पटीचा हिशेब 2010 मध्ये लागतो. 2,950 चा 295 झाला तो दिवस शेअरच्या विभाजनाचा, म्हणजे स्प्लिटचा असणार. दर्शनी मूल्य 10 होतं ते 1 झालं, एका शेअरचे दहा झाले, भाव दहावा हिस्सा झाला. कोणाचं काही गेलं नाही, कोणाला काही मिळालंही नाही. उरलेली दुप्पट आणखी एखाद्या तारखेला झाली असेल, बहुधा 1:1 बोनसने, म्हणजे हातातल्या एका शेअरमागे एक नवा फुकट मिळून. ज्या तक्त्यात 2,950 दिसतो तो दुरुस्त न केलेला तक्ता आहे. त्याच तक्त्यात 1999 पासून खाली येत भाव एका रात्रीत साधारण निम्मा झालेला दिवस शोधा आणि त्याच दिवसाची कंपनीची घोषणा पाहा. सापडेल.

इथे प्रमाणाची भाषा नीट पाहावी लागते. 2:1 बोनस म्हणजे हातातल्या एका शेअरमागे दोन नवे, एकूण तीन. भाव तिसरा हिस्सा होतो. पण ‘दोनास एक’ अशा स्प्लिटमध्ये एकाचे दोन होतात आणि भाव निम्मा होतो. दोन्ही ठिकाणी कागदावर 2 आणि 1 हेच आकडे असतात. 1:2 बोनसमध्ये दोनामागे एक मिळतो, म्हणजे दीडपट शेअर. घाईत वाचलं की गुणक चुकतो आणि तो चुकला की त्याआधीचा प्रत्येक भाव चुकतो.

एकाच दिवसाचा भाव तीन आकड्यांत कसा दिसू शकतो, याचं सर्वांना पडताळता येईल असं उदाहरण ॲपलचं आहे. 6 जून 2014 रोजी ॲपलचा शेअर 645.57 डॉलरवर बंद झाला. पुढच्या व्यवहाराच्या दिवशी, 9 जूनला, एकाचे सात झाले. त्यानंतरच्या तक्त्यांत 6 जूनचा भाव 92.22 असा छापला जाऊ लागला. ऑगस्ट 2020 मध्ये एकाचे चार झाले आणि तोच दिवस 23.06 वर आला. 1980 च्या डिसेंबरमध्ये ही कंपनी बाजारात आली ती 22 डॉलरला. त्यानंतर पाच विभाजनं झाली: तीन वेळा दुप्पट, एकदा सातपट, एकदा चौपट. गुणाकार 224. म्हणून आजच्या तक्त्यात तो सुरुवातीचा भाव जेमतेम 10 सेंट होतो. ॲपल तेव्हा दहा सेंटला मिळत होता असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. दहा सेंटला कोणालाच काही मिळत नव्हतं, 22 डॉलर मोजावे लागत होते.

उलटंही होतं. सिटीग्रुपने मे 2011 मध्ये दहा शेअरचा एक केला. साडेचारच्या आसपासचा भाव पंचेचाळीसच्या आसपास गेला. आता जुना आलेख उघडला की 2007 च्या सुरुवातीला हा शेअर 500 च्या वर दिसतो. तेव्हा प्रत्यक्ष भाव 50 च्या वर होता. तेव्हाचं वर्तमानपत्राचं कात्रण आणि आजचा आलेख शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या कंपन्या वाटतील.

आता 31.60. ‘ॲडजस्टेड क्लोज’ या रकान्यात विभाजन आणि बोनसशिवाय लाभांशही धरलेला असतो. लाभांश दिला की तेवढे पैसे कंपनीतून बाहेर जातात, म्हणून एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढा खाली उघडतो. हा उतार तोटा नाही, पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. तो तोटा दिसू नये म्हणून मागचे सगळे भाव एका गुणकाने कमी करतात. आदल्या दिवशीचा बंद भाव 200 आणि लाभांश 4 असेल, तर गुणक 1 वजा 4/200, म्हणजे 0.98. त्या तारखेआधीच्या प्रत्येक दिवसाचा भाव 0.98 ने गुणायचा. असे सव्वीस वर्षांतले गुणक एकावर एक बसत गेले की 42 चा 31.60 होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, 31.60 या भावाला कोणीही कधीही शेअर घेतलेला नाही. तो मोजणीसाठी बनवलेला आकडा आहे. दुसरी, तो स्थिर नाही. पुढचा लाभांश जाहीर होऊन एक्स-डेट गेली की 31.60 चा 31.2 होईल, त्यापुढे आणखी खाली. मागच्या वर्षी उतरवून ठेवलेला तक्ता आणि आज उतरवलेला तक्ता जुळत नाही म्हणून अनेकजण गोंधळतात. तक्ता उतरवला की त्यावर त्या दिवसाची तारीख लिहा आणि जुन्या तक्त्याच्या तळाशी नव्या ओळी कधी चिकटवू नका. दर वेळी पूर्ण तक्ता नव्याने घ्या. चिकटवलेल्या सांध्यावर खोटी उडी तयार होते.

रकान्यांची नावं सगळीकडे सारखी नसतात. याहू फायनान्सवर ‘क्लोज’ हा विभाजनासाठी आधीच दुरुस्त केलेला असतो, शेजारचा ‘ॲडजस्टेड क्लोज’ विभाजन आणि लाभांश दोन्हींसाठी. शेअर बाजारांच्या दैनिक अहवालात मात्र त्या दिवशी प्रत्यक्ष झालेला भाव असतो, दुरुस्तीविना. कोणत्या वेबसाइटचा कोणता रकाना काय आहे हे ओळखायची सोपी कसोटी तुम्ही नकळत केलेलीच आहे: विभाजनाची तारीख काढा आणि तिच्या आधीचा व नंतरचा भाव पाहा. दरी दिसली तर दुरुस्ती नाही. दरी नसेल तर मोठ्या लाभांशाच्या तारखेच्या आधी आणि नंतर शेजारचे दोन रकाने पाहा. त्या तारखेला दोन रकान्यांतलं गुणोत्तर बदललं असेल, तर कमी आकडा असलेल्या रकान्यात लाभांश धरलेला आहे.

मग कुठे कोणता आकडा वापरायचा? बाबांनी प्रत्यक्षात किती पैसे घातले, हे वही आणि खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने दिलेली व्यवहाराची पावती, सांगेल: 50 गुणिले 840, म्हणजे 42,000, अधिक दलाली. कराच्या कामाला हाच आकडा लागतो. तिथे ‘ॲडजस्टेड क्लोज’ कधीही लिहू नका. बोनसच्या शेअरची खरेदी किंमत किती धरायची आणि वारशाने आलेल्या शेअरचं काय, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते तुमच्या कर सल्लागाराकडून लेखी घ्या. भाव किती पट झाला हे पाहायला 42 हवा. लाभांशासकट गुंतवणूक किती वाढली हे पाहायला 31.60.

हे दोन हिशेब करून दाखवतो, कारण फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. 610 भागिले 42 म्हणजे 14.52 पट. काळ मार्च 1999 ते मार्च 2025, सव्वीस वर्षं. स्प्रेडशीटमध्ये 14.52 चा घात (1/26) काढा आणि त्यातून 1 वजा करा: 0.108, म्हणजे दर वर्षी चक्रवाढ सुमारे 10.8 टक्के. आता 610 भागिले 31.60 म्हणजे 19.30 पट, आणि तीच रीत वापरली की सुमारे 12.1 टक्के. वर्षाला फरक सव्वा टक्क्याचा. पण 42,000 वर सव्वीस वर्षांत एकीकडे 6,10,000 होतात आणि दुसरीकडे सुमारे 8,10,000. लाभांशाकडे किरकोळ म्हणून पाहू नये ते यासाठी.

तरीही 12.1 टक्के हे बाबांचं उत्तर नाही. ‘ॲडजस्टेड क्लोज’ असं गृहीत धरतो की आलेला प्रत्येक लाभांश त्याच दिवशी, त्याच शेअरमध्ये, कर आणि दलाली न देता पुन्हा गुंतवला. बहुतेक घरांत लाभांश बँकेत जमा होतो आणि खर्चात जातो. बाबांचा खरा परतावा काढायचा तर दोन रकाने करा: एकात तारखा, दुसऱ्यात रक्कम. खरेदीच्या तारखेसमोर उणे 42,000, प्रत्येक लाभांशाच्या तारखेसमोर पासबुकातली रक्कम, शेवटच्या ओळीत त्या दिवसाची किंमत 6,10,000. मग स्प्रेडशीटमधलं एक्सआयआरआर (XIRR) हे सूत्र लावा, ते तारखा धरून वार्षिक परतावा काढतं. लाभांशाची रक्कम काढताना त्या वर्षी हातात किती शेअर होते हे विसरू नका. विभाजनाआधीचा लाभांश दर शेअरला 20 लिहिलेला असेल तर तो तेव्हाच्या शंभर शेअरवर (दुप्पट तोवर झाली नसेल तर पन्नासवर) आहे, आजच्या हजारावर नाही. ही चूक केली तर परतावा भलताच फुगतो.

अशीच सरमिसळ किंमत-उत्पन्न गुणोत्तरात होते. 2005 मध्ये हा शेअर महाग होता की स्वस्त, हे पाहताना लोक दुरुस्त केलेला भाव घेतात आणि त्याला त्या वर्षीच्या छापील अहवालातल्या प्रतिशेअर नफ्याने भागतात. भाव आजच्या मापात, नफा तेव्हाच्या मापात. गुणोत्तर तेव्हा 20 असेल आणि त्यानंतर फक्त दहा पटीचं विभाजन झालं असेल, तर या भागाकारातून 2 निघतं आणि शेअर मातीमोल होता असं वाटतं. एक तर दोन्ही आकडे तेव्हाचे घ्या, नाही तर दोन्ही विभाजनासाठी दुरुस्त केलेले. लाभांश धरलेला भाव या कामाला कधीच घेऊ नये.

आता तुमचा दुसरा प्रश्न, 742 चा. 742 या आकड्याला शेअर बांधलेला नाही. त्या दिवशी लोकांनी कंपनीच्या पुढच्या काही वर्षांच्या कमाईला ती किंमत लावली, एवढंच तो सांगतो. मायक्रोसॉफ्टचं पाहा. डिसेंबर 1999 मध्ये त्याचा बंद भाव तेव्हाच्या मापात 119 डॉलरच्या वर गेला. 2003 मध्ये एकाचे दोन झाले, म्हणून आजच्या मापात तो साडेएकोणसाठच्या आसपास येतो. त्याच्या वर बंद व्हायला ऑक्टोबर 2016 उजाडला, जवळजवळ सतरा वर्षं. मधल्या काळात कंपनीची वार्षिक विक्री तिपटीहून जास्त झाली होती. धंदा वाढतच होता, 1999 चा भावच त्याच्या कितीतरी पुढे गेलेला होता. जुन्या उच्चांकाची वाट पाहणाऱ्याने आधी विचारायला हवं की तेव्हा प्रतिशेअर नफा किती होता आणि भाव त्याच्या किती पट होता. 2018 च्या 742 समोर हे दोन आकडे लिहा, आजच्या भावासमोरही लिहा. नफा वाढलेला असून भाव खाली असेल तर एक गोष्ट, नफाच खाली आला असेल तर अगदी वेगळी. शिवाय सात वर्षांत महागाईही वाढते. 742 परत आला तरी त्यात तेव्हाइतकं येणार नाही.

याच मायक्रोसॉफ्टच्या आलेखात नोव्हेंबर 2004 मध्ये भाव 30 च्या आसपासून एका दिवसात अडीच डॉलरहून जास्त उतरलेला दिसतो. त्या दिवशी दर शेअरला 3 डॉलरच्या विशेष लाभांशाची एक्स-डेट होती. ज्यांनी फक्त भाव पाहिला त्यांना जवळजवळ नऊ टक्क्यांची पडझड दिसते, ज्यांच्या खात्यात पैसे आले त्यांना नाही.

तर जुने भाव पुढचा भाव सांगत नाहीत. ते सांगतात ते वेगळं आणि फार मोलाचं: हा शेअर ठेवताना काय काय सोसावं लागलं, आणि किती काळ. ते मोजायला तीन कामं पुरतात.

पहिलं, सर्वांत खोल घसरण. महिनाअखेरचे ‘ॲडजस्टेड क्लोज’ एका रकान्यात घ्या. शेजारी त्या दिवसापर्यंतचा सर्वांत मोठा भाव लिहीत जा. तिसऱ्या रकान्यात भाव भागिले तो उच्चांक, वजा एक. समजा भाव 100, 120, 90, 105, 130, 78 असे आहेत. उच्चांकाचा रकाना 100, 120, 120, 120, 130, 130. घसरण शून्य, शून्य, 25 टक्के, साडेबारा टक्के, शून्य, 40 टक्के. सर्वांत खोल 40. आणि 40 टक्के पडलेल्या भावाला पूर्वपदावर यायला जवळजवळ 67 टक्के चढावं लागतं, 50 टक्के पडलेल्याला दुप्पट व्हावं लागतं. घसरण किती खोल होती याच्या जोडीला ती भरून यायला किती महिने लागले तेही लिहा. पैसा तीन वर्षांनी लागणार असेल आणि हा शेअर एकदा पाच वर्षं पाण्याखाली, म्हणजे जुन्या उच्चांकाच्या खाली, राहिलेला असेल, तर तुमचा निर्णय बराचसा तिथेच होतो.

दुसरं, सरकत्या पाच वर्षांचा परतावा. एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचा परतावा हा त्या दोन तारखांचा गुलाम असतो. 2009 च्या मार्चपासून मोजलं की जगातले बहुतेक शेअर उत्तम दिसतात, कारण तेव्हा बाजार तळाला होता. मार्च 1999 ते मार्च 2025 मध्ये महिनाअखेरचे 313 भाव आहेत, त्यांत पाच-पाच वर्षांच्या 253 खिडक्या बसतात. प्रत्येकीचा वार्षिक परतावा काढा, चढत्या क्रमाने लावा, आणि सर्वांत वाईट, मधला आणि सर्वांत चांगला पाहा. किती खिडक्यांत तोटा होता तेही मोजा. एका सरासरीपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक चित्र आहे. मात्र या खिडक्या एकमेकींवर चढलेल्या आहेत हे लक्षात असू द्या. 253 वेगळे अनुभव नाहीत ते, पूर्णपणे वेगळी अशी पाच वर्षं सव्वीस वर्षांत पाचच.

तिसरं, निर्देशांकाशी तुलना, आणि इथे पुन्हा मापाचा घोळ होतो. रोज बातम्यांत येतो तो निर्देशांक बहुतेक ठिकाणी लाभांशाविना असतो. त्याच्यासमोर शेअरचा ‘ॲडजस्टेड क्लोज’ ठेवला तर शेअरला लाभांशाचा फुकटचा फायदा मिळतो. लाभांशासकटचा शेअर हवा असेल तर निर्देशांकही ‘टोटल रिटर्न’ प्रकारातला घ्या. सव्वीस वर्षांत निर्देशांकाने याहून जास्त दिलं असेल, तर एकाच कंपनीत एवढी रक्कम का ठेवायची, हा प्रश्न 742 पेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

आलेख पाहताना उभ्या अक्षाची पट्टी ‘लॉग’वर करून घ्या. साध्या पट्टीवर 42 चा 84 होणं आणि 560 चा 610 होणं जवळजवळ सारख्याच उंचीचं दिसतं, वास्तविक पहिली वाढ 100 टक्के आहे आणि दुसरी 9. लॉग पट्टीवर सारख्या टक्क्यांची वाढ सारख्याच उंचीची दिसते.

तक्त्यात चुकाही असतात, त्या मोजणीआधी काढायला हव्यात. लागोपाठच्या दोन दिवसांतला टक्केवारीचा फरक काढा आणि 20 टक्क्यांहून मोठा प्रत्येक फरक हाताने तपासा, सव्वीस वर्षांत असे थोडेच दिवस निघतील. उलाढाल शून्य असलेल्या दिवशी आदल्याच दिवसाचा भाव पुन्हा छापलेला असतो, तो व्यवहार नव्हे. 03/04 ही 3 एप्रिल की 4 मार्च, हे फाइल उघडतानाच ठरवा, कारण 12 नंतरची तारीख येईपर्यंत स्प्रेडशीट गप्प चुकत राहते. परदेशी शेअर असेल तर चलन पाहा: लंडनच्या बाजारात बहुतेक भाव पौंडांत नसून पेन्समध्ये असतात, तिथे शंभरपटीची चूक सहज होते. व्यवहारचिन्हावर, म्हणजे शेअरच्या बाजारातल्या छोट्या सांकेतिक नावावरही विसंबू नका, ते एका कंपनीकडून दुसरीकडे जाऊ शकतं. फेसबुकच्या कंपनीने 2022 मध्ये ‘मेटा’ हे चिन्ह घेतलं, त्याआधी ते एका फंडाकडे होतं. शेअरचा 12 अंकाक्षरी आयएसआयएन हा ओळख-क्रमांक जास्त भरवशाचा, पण विभाजनानंतर तोही बदलू शकतो, म्हणून जुना आणि नवा दोन्ही टिपून ठेवा.

राइट्स इश्यूची, म्हणजे जुन्या भागधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर घेण्याचा हक्क दिला जातो त्याची, दुरुस्ती अनेक तक्त्यांत राहून गेलेली असते. पाच शेअरमागे एक नवा 60 ला दिला आणि बाजारभाव 90 होता, तर नंतरचा हिशेबी भाव पाच नव्वद अधिक एक साठ, म्हणजे 510, भागिले 6: 85. गुणक 85/90. तुमच्याकडे 20 पटीचा मेळ नेमका बसतो, म्हणजे बाबांनी राइट्समध्ये शेअर घेतलेले दिसत नाहीत. हक्क मिळाले असतील तर ते विकले गेले किंवा वाया गेले.

आता ऑगस्ट 2014, जो प्रश्न तुम्ही ओझरता विचारलात आणि ज्यात तुमचे पैसे अडकलेले असू शकतात. 388 चा 301, म्हणजे 22 टक्क्यांची घट. हे विभाजन नव्हे, 388/301 चा 1.29 हा आकडा विभाजनाच्या नेहमीच्या गुणकांत बसत नाही. उरतात मुख्यतः दोन शक्यता: मोठी वाईट बातमी, किंवा कंपनीने एक धंदा वेगळा काढला, म्हणजे डीमर्जर. ईबेने जुलै 2015 मध्ये पेपाल वेगळी केली तेव्हा ईबेचा दुरुस्त न केलेला भाव एका रात्रीत निम्म्याहून खाली आला, आणि प्रत्येक भागधारकाच्या खात्यात पेपालचे शेअर जमा झाले. तुमच्या तक्त्यात डीमर्जरची दुरुस्ती नसेल तर तिथे खोटी पडझड दिसणारच.

ओळखायचं असं. बातमीने पडलेला शेअर दिवसभर हेलकावे खातो, उलाढाल नेहमीच्या कित्येक पट होते आणि पुढचे काही दिवस तशीच राहते. डीमर्जरच्या दिवशी भाव सकाळी उघडतानाच खाली असतो आणि मग त्याच्या आसपास शांत राहतो. त्या वर्षाच्या वार्षिक अहवालात ‘बंद केलेले व्यवसाय’ असा भाग दिसेल आणि विक्री आदल्या वर्षापेक्षा एकदम कमी झालेली असेल. सर्वांत पक्का पुरावा म्हणजे त्या तारखेच्या आधीची कंपनीची बाजाराला दिलेली सूचना, तीत पात्रतेची तारीख आणि प्रमाण लिहिलेलं असतं.

डीमर्जर निघालं तर हिशेब बराच बदलतो. बाबांकडे तेव्हा 1,000 शेअर होते, दर शेअरला 87 उतरले, म्हणजे 87,000 ची किंमत दुसऱ्या कंपनीत गेली. समजा प्रमाण पाच शेअरमागे एक असं होतं, तर बाबांच्या नावावर नव्या कंपनीचे 200 शेअर आले असणार आणि तिचा सुरुवातीचा भाव 435 च्या आसपास असायला हवा. हा मेळ बसतो का ते पाहा. बसला तर वर काढलेले 10.8 आणि 12.1 टक्के दोन्ही कमी आहेत, कारण त्यांत ही दुसरी कंपनी धरलेलीच नाही. एक्सआयआरआरच्या शेवटच्या ओळीत तिची आजची किंमत मिळवा आणि तिचे लाभांश मधल्या ओळींत घाला. खरेदीचे 42,000 देखील दोन कंपन्यांत वाटावे लागतात. ते प्रमाण कंपन्या सहसा भागधारकांना कळवतात.

उताऱ्यावर या दुसऱ्या कंपनीचं नाव नसेल तर ते शेअर बाबांनी विकले असतील, किंवा पत्ता वा सही न जुळल्याने कुठेतरी पडून असतील. वहीत 2014 नंतर विक्रीची नोंद आहे का ते आधी पाहा. नसेल तर मूळ कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) बाबांचं नाव, जुना फोलिओ किंवा खाते क्रमांक, 1,000 शेअर आणि पात्रतेची तारीख लिहून पत्र पाठवा, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं जोडा, आणि नव्या कंपनीचे किती शेअर वाटपात दाखवले आहेत व त्यांचा लाभांश कोणत्या खात्यात जातो, हे लेखी विचारा.